'काही लागलं तर सांगा' म्हणून थांबू नका: कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या लहान मुलाच्या घराला मदत कशी करायची

जवळच्या कुणाच्या चार-पाच वर्षांच्या पोराला कॅन्सर झालाय असं कळलं की माणसं दोनपैकी एक करतात. एकतर धावत सुटतात, रोज फोन, रोज भेट, दहा सल्ले. नाहीतर काय बोलावं सुचत नाही म्हणून गप्प बसतात आणि मग इतके दिवस गप्प बसलो या संकोचाने आणखीच फोन करवत नाही. माझ्या बहिणीच्या मुलीची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा दोन्ही प्रकारची माणसं भरपूर पाहिली, वॉर्डात ओळख झालेल्या आईबाबांचंही हेच म्हणणं. त्यातून खरंच कामाला काय येतं ते जरा सविस्तर लिहितेय. औषधपाण्याच्या गोष्टी आल्यात त्या मदत करणाऱ्याला माहीत असाव्यात एवढ्यापुरत्याच, बाकी त्या मुलाची डॉक्टर-नर्सची टीम जे सांगेल तेच फायनल.

एक गोष्ट आधीच सांगते. या घरात माणसांची कमतरता पहिल्या पंधरा दिवसांत नसते. तेव्हा तर इतकी गर्दी असते की दार उघडता उघडता जीव जातो. कमतरता पडते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा बाकी सगळ्यांसाठी बातमी जुनी झालेली असते आणि या लोकांचं अजून अर्धंही झालेलं नसतं. म्हणून थोडंच करा पण टिकेल असं करा.

१. हे किती लांबणार ते आधी समजून घ्या

मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातला जो कॉमन प्रकार आहे, एएलएल, त्याची ट्रीटमेंट साधारण दोन ते तीन वर्षं चालते. सुरुवातीचे काही महिने जड केमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं), सतत हॉस्पिटल, मधेच इन्फेक्शन होऊन पुन्हा अ‍ॅडमिट. मग मेंटेनन्स, म्हणजे घरी रोजच्या गोळ्या, ठरलेल्या दिवशी ब्लड टेस्ट, अधूनमधून पाठीतलं इंजेक्शन. काही गाठींच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं मिळून सहा महिने ते वर्षभरात उरकतं पण तो काळ फार खडतर असू शकतो. तुमच्या ओळखीतल्या मुलाचा प्लॅन कितीचा आहे एवढं एकदा विचारून घ्या, बाकी रिपोर्टमधले आकडे विचारायची काही गरज नाही.

आणि 'कॅन्सर म्हणजे संपलं' हे डोक्यातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात दरवर्षी साधारण ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो, आणि जिथे सगळ्या सोयी मिळतात अशा श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या बऱ्याच देशांत मात्र हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जातं. कारणं काय, तर निदान उशिरा होणं, औषधं न मिळणं, उपचारांचा त्रासच न झेपणं आणि ट्रीटमेंट अर्धवट सोडणं. हे शेवटचं कारण मदत करणाऱ्याने दोनदा वाचावं. आईबाप हौसेने ट्रीटमेंट सोडत नाहीत हो. पैसे संपतात, प्रवास झेपत नाही, घरी दुसरं पोर कुणाकडे ठेवायचं कळत नाही, नोकरी जायची वेळ येते आणि मग एक तारीख चुकते, मग दुसरी. त्यामुळे तुम्ही धाकट्याला सांभाळलंत किंवा दर आठवड्याला गाडीने सोडून आलात तर ते 'वरवरचं काम' समजू नका, ट्रीटमेंट पुढे चालू राहते ती याच्यावरच.

२. पहिला मेसेज

फोन नको, मेसेज करा. त्या दिवसांत आईबाबांना तीच गोष्ट वीस जणांना तोंडाने सांगावी लागते आणि दर वेळी समोरचा रडायला लागला की त्यालाच धीर द्यावा लागतो, हा प्रकार मी बघितलाय, बहीण फोनवर कुणातरी दूरच्या काकूंची समजूत काढतेय आणि हातात सलाइन लावलेली पोरगी शेजारी टीव्ही बघतेय.

मेसेज असा काहीतरी: 'कळलं. खूप वाईट वाटलं. उत्तर द्यायची गरज नाही. शनिवारी सकाळी मी तुमचे कपडे धुवायला घेऊन जाईन, चालणार नसेल तर फक्त नको म्हणा.' झालं. यात विचारपूस आहे, उत्तराचं ओझं नाही, आणि एक ठोस काम आहे. 'काही लागलं तर सांगा' मधे काम त्यांच्यावरच येतं, काय लागतंय ते आठवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग संकोच गिळून फोन करायचा. कोण करतं एवढं? कुणीच नाही.

काय लिहू नये: 'सगळं ठीक होणार बघा', 'देव त्यालाच देतो ज्याला झेपतं', 'आमच्या अमक्याच्या मुलालाही होता' (आणि मग तो गेला हे अर्ध्यात आठवतं), 'एवढ्या लहान वयात कसा काय झाला?'. हा शेवटचा प्रश्न फार लागतो, कारण आई तोच प्रश्न रात्रभर स्वतःला विचारत असते, गरोदरपणात काय खाल्लं, कुठे चुकलं. मुलांचे बहुतेक कॅन्सर खाण्यापिण्याने किंवा कुणाच्या चुकीने होत नाहीत, साधारण १० टक्के मुलांमध्ये जन्मतःच जनुकांमधला काही बदल सापडतो आणि बाकीच्यांत ठोस कारण सांगताच येत नाही. तेव्हा कारण शोधायची जबाबदारी तुमच्यावर कुणी टाकलेली नाही.

३. मधे एक माणूस ठेवा

आत्या, मामा, जुनी मैत्रीण, कुणीही चालेल पण आईबाबा सोडून कुणीतरी. बातम्या त्याच्याकडून, कामं त्याच्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप, त्यात हाच माणूस आईबाबांना विचारून आठवड्यातून एकदा अपडेट टाकणार, आणि ग्रुपमध्ये कुणीही फॉरवर्ड टाकायचे नाहीत. आईबाबांना ग्रुपमध्ये घ्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा, बऱ्याच जणांना नको असतं. मुलाचे फोटो, आजाराचं नाव, टक्कल पडलेलं डोकं, हे त्यांना विचारल्याशिवाय कुठेही पुढे पाठवू नका. ते पोर उद्या मोठं होणार आहे आणि ते सगळं तसंच पडून राहणार आहे.

या माणसाने एक साधा तक्ता करायचा: कुठल्या दिवशी हॉस्पिटल, कोण सोडणार, धाकट्याला कोण घेणार, जेवण कुणाचं. आणि मदत करणाऱ्यांना तीन गटांत वाटा म्हणजे सगळे एकदम दमत नाहीत, पहिले चार महिने एक गट, पुढे दुसरा. हे ऐकायला ऑफिससारखं वाटतं पण ज्या घरांत हे झालं तिथे वर्षानेही माणसं येत होती.

४. ठोस कामं

ज्यात त्यांना काही ठरवावं लागत नाही असं काम निवडा. वाणसामान भरणं, बिलं भरणं, कपडे, भांडी, कचरा, झाडांना पाणी, पाळीव प्राणी असेल तर तो, गाडी दुरुस्तीला नेणं. ताप आला म्हणून रात्री अचानक हॉस्पिटलमध्ये जावं लागतं तेव्हा घर आहे तसंच टाकून जातात, ओट्यावरचं दूध तसंच, मशीनमध्ये ओले कपडे तसेच. एका किल्लीवाल्या माणसाने जाऊन एवढं आवरलं तरी परत आल्यावर रडू यायचं थांबतं.

हॉस्पिटलची बॅग: लांब वायरचा चार्जर, पुढून बटणं उघडणारे मुलाचे शर्ट (छातीत पोर्ट किंवा लाइन, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत कायम बसवलेली नळी, असली की डोक्यातून घालायचे कपडे तापदायक होतात), पायमोजे, मऊ ब्रश, ओठांना लावायचं काहीतरी, वॉर्डात चालतील अशी धुता-पुसता येणारी खेळणी, आईबाबांसाठी एक पातळ पांघरूण आणि स्वतःची पाण्याची बाटली. ही बॅग कायम भरलेली असली पाहिजे, आणि घरी आल्यावर ती पुन्हा भरणं हे काम तुम्ही घ्या.

कागद हे एक वेगळंच प्रकरण. एक जाड फाइल आणा, तारखेवार रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पावत्या लावून द्या. शेजारी एक वही, त्यात प्रत्येक भेटीला डॉक्टर काय म्हणाले ते. आईबाबांना सुरुवातीला डॉक्टरचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही, 'केमो' शब्दानंतरचं सगळं उडून जातं, तेव्हा त्यांची हरकत नसेल तर सोबत बसा आणि फक्त लिहा. मधे प्रश्न विचारू नका, तुमचे प्रश्न महत्त्वाचे नाहीत.

५. ताप आणि काउंट: हे मदत करणाऱ्या प्रत्येकाला पाठ पाहिजे

केमो कॅन्सरच्या पेशींसोबत बोन मॅरोलाही (हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं) दाबते, त्यामुळे पांढऱ्या पेशी खाली येतात, घरात ज्याला सगळे 'काउंट डाउन आहे' म्हणतात ते हेच. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे काउंट सगळ्यात खाली असतात. लढणाऱ्या पेशींचा आकडा, एएनसी, ५०० च्या खाली गेला की साध्या जंतूनेही पोर गंभीर आजारी होऊ शकतं आणि गंमत अशी की बाहेरून काहीच दिसत नाही, पू नाही, सूज नाही, फक्त ताप.

म्हणून ताप म्हणजे इमर्जन्सी. बहुतेक ठिकाणी ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, ही रेघ धरतात, त्या मुलाच्या युनिटने (जिथे ट्रीटमेंट चालू आहे तो कॅन्सर विभाग) जो आकडा लिहून दिला असेल तो खरा. तो दिसला की फोन आणि लगेच हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजलेले असोत. पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा प्रयत्न असतो, एवढी घाई असते त्यात. 'सकाळपर्यंत बघू' चालत नाही. आणि विचारल्याशिवाय तापाचं औषध देऊ नका, ताप झाकला जातो आणि आतलं चालूच राहतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन तर आपल्या मनाने मुळीच नाही, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. थर्मामीटर काखेत किंवा युनिटने सांगितलं तसा, गुदद्वारातून कधीच नाही. अंगाला थंडी वाजून हुडहुडी भरली, विशेषतः लाइन फ्लश केल्यावर (नळीत सलाइन सोडून ती साफ केल्यावर), तर ताप नसला तरी फोन करा.

तुम्ही एक तास जरी त्या मुलाला सांभाळणार असाल तर हे सगळं, युनिटचा नंबर आणि गाडी कोण काढणार हे फ्रिजवर लिहिलेलं असू द्या.

भेटीला जायचं तर आधी विचारा, दारात उभं राहून सरप्राइज नको. सर्दी, खोकला, जुलाब, ओठावर तापाचा फोड, घरात कुणाला ताप, यातलं काहीही असलं तर जाऊ नका, 'अगदी थोडीशीच सर्दी आहे' हे वाक्य तर बोलूच नका. हात साबणाने धुवून मगच आत. गालगुच्चे, पाप्या नाहीत. बुके आणि कुंड्या वॉर्डात सहसा चालत नाहीत. कांजिण्या आणि गोवर यांची सगळ्यात जास्त भीती. कांजिण्या तर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणजे तुमच्या पोराला आज पुरळ आलं आणि काल ते त्या घरी खेळून आलं असेल तर लाजेखातर लपवू नका, त्याच क्षणी कळवा. संरक्षणासाठी इंजेक्शन किंवा औषध देता येतं पण ते वेळेत द्यावं लागतं.

घरातल्या बाकीच्यांनी आणि नेहमी येणाऱ्यांनी फ्लूची लस घ्यावी असं टीम सहसा सांगते. भावंडांच्या लसी थांबवायच्या नसतात, फक्त तोंडातून द्यायचा पोलिओचा डोस घरात टाळतात आणि इंजेक्शनवाला देतात, तर कुठलीही लस द्यायच्या आधी टीमला विचारायचं. आजारी मुलाच्या स्वतःच्या लसींचं वेळापत्रक वेगळं होतं, त्याला जिवंत विषाणूच्या लसी या काळात देत नाहीत.

अजून एक, जे फार कुणी सांगत नाही: केमोनंतर साधारण दोन दिवस लघवी, उलटी, शीमधून औषध बाहेर पडत असतं. डायपर बदलणाऱ्याने, उलटी पुसणाऱ्याने ग्लोव्हज घालायचे, ते कपडे वेगळे धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करूच नये.

६. जेवण

डबा देणं चांगलं पण त्यालाही शिस्त लागते. पहिल्या आठवड्यात एका दिवशी पाच डबे आणि दुसऱ्या महिन्यात शून्य, हे नेहमीचं. परत न द्यायच्या डब्यांत द्या, वर तारीख लिहा, फ्रीजरमध्ये टाकता येईल असं द्या. आणि तो डबा मोठ्यांसाठी समजा. मुलासाठी काही करायचं तर विचारून, कारण कच्चं, अर्धकच्चं, उघड्यावरचं, न तापवलेलं दूध, बराच वेळ बाहेर राहिलेलं, हे सगळं बंद असतं. ताजं शिजवलेलं, गरम, साधं.

मुलाच्या तोंडाची चव बदलते, कालचा आवडता पदार्थ आज पत्र्यासारखा लागतो, तोंडात फोड आले की पाणीही टोचतं. त्यामुळे 'मी एवढ्या प्रेमाने केलं आणि त्याने एक घास नाही खाल्ला' हे मनात आलं तरी गिळून टाका. उलट स्टेरॉइडच्या दिवसांत भूक अशी लागते की रात्री तीनला उठून जेवण मागतात. भाची अर्ध्या झोपेत ताटाकडे टक लावून बसायची, खाऊन झालं की लगेच 'उद्या सकाळी काय करणार?' आणि उत्तर नीट मिळालं नाही की रडारड. तेव्हा रात्रीचा एक डबा वेगळा भरून ठेवला की आईची झोप तासभर तरी वाचते.

पाठीतलं इंजेक्शन किंवा बोन मॅरो टेस्ट भूल देऊन करतात, त्या दिवशी मूल सकाळपासून उपाशी असतं. त्याच्यासमोर चहा-बिस्कीट काढू नका. हे सांगावं लागतं, विश्वास ठेवा.

७. मुलाशी

ते मूलच आहे. आल्या आल्या डोळे भरून 'माझं बाळ ते' करून जवळ घेतलं की ते ताठ होतं. खेळ काढा, चित्रं, गोष्ट, पत्ते, काहीही. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, चेहरा स्टेरॉइडने गोल होतो, यावर काहीच बोलायचं नाही, चांगलंही नाही. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाने पाय कमजोर होतात, चालताना पाऊल लोंबतं, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही, त्यामुळे पोर पडलं किंवा उचलून घे म्हणालं तर 'एवढा मोठा झालास तरी?' नको. स्टेरॉइडच्या दिवसांत राग येतो, मारतं, ओरडतं, तो राग औषधाचा असतो, वळण लावायचे ते दिवस नाहीत. पण बाकीच्या दिवसांत नियम थोडेतरी असू द्यावेत असं मला वाटतं. सगळंच माफ आणि प्रत्येक पाहुण्याकडून नवं खेळणं मिळायला लागलं की पोराला कळतं काहीतरी फार भयंकर चाललंय.

खोटं बोलू नका. 'नाही दुखणार' म्हटलं आणि सुई टोचली की पुढच्या वेळी ते कुणावरच विश्वास ठेवत नाही. 'टोचेल, मी दहा मोजेन, तोपर्यंत माझा हात दाब' हे चालतं. आणि आजाराबद्दल त्याला काय सांगितलंय, कुठले शब्द वापरलेत, ते आईबाबांना विचारून तेच शब्द वापरा.

८. भावंडं

माझ्या मते बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त करता येईल असं काम हे आहे. घरातलं दुसरं पोर एका दिवसात अदृश्य होतं. आई हॉस्पिटलमध्ये, बाबा हॉस्पिटल आणि नोकरीच्या मधे, हे पोर आज आजीकडे, उद्या शेजारी. येणारा प्रत्येक जण विचारतो 'ताई कशी आहे?'. हा कसा आहे ते कुणी विचारत नाही.

लहान मुलांना वाटतं की आपण भांडलो, 'तू मरून जा' म्हणालो, म्हणून हे झालं. तोंडाने सांगत नाहीत पण पोटात दुखायला लागतं, अंथरुणात शू व्हायला लागते, शाळेत मारामारी. भाच्याने एकदा माझ्याकडे गाडीत मागे बसून, खिडकीतून बाहेर बघत विचारलं, 'मला पण होणार का?' मग जरा वेळाने, 'तिचा ग्लास मी वापरला होता.' त्यांना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात: तुझ्यामुळे झालं नाही, हा लागत नाही, आणि तुझी काळजी घ्यायला अमुक माणूस अमुक दिवशी येणारच. तिसरी गोष्ट पाळायची जबाबदारी तुमची.

ठरलेला एक दिवस घ्या, आणि तो त्या पोराचा. शाळेतून आणणं, प्रोजेक्ट, वाढदिवस, पोहणं, पालकसभेला जाणं (आईबाबांनी शाळेला तसं कळवून). त्या वेळात आजाराचा विषय त्याने काढला तरच. शाळेतल्या एका शिक्षकाला घरी काय चाललंय ते माहीत असावं म्हणजे गृहपाठ राहिला तर पोर उभं राहणार नाही. आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटची (दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी मुलाला देण्याची) वेळ आली तर सख्ख्या भावंडाचं मॅच जुळायची शक्यता चारात एक असते, तेव्हा ज्याचं जुळलं त्याच्यावर 'तूच वाचवणार' आणि ज्याचं नाही जुळलं त्याच्यासमोर 'अरेरे', दोन्ही नको.

९. पैसे

थेट बोलायला लाजू नका. औषधांपलीकडे प्रवास, हॉस्पिटलजवळ राहणं, बुडालेला पगार यातच घर खाली बसतं. एकरकमी देणार असाल तर 'परत द्यायचे नाहीत' हे देतानाच स्पष्ट बोला. दर महिन्याला थोडे, ठरलेल्या तारखेला, हे मला एकरकमीपेक्षा बरं वाटतं कारण त्यावर प्लॅन करता येतो. लोकांकडून गोळा करायचे तर आईबाबांची परवानगी, हिशोब दोन माणसांकडे, आणि देणाऱ्याला नंतर 'त्यांनी नवा फोन घेतला म्हणे' असं म्हणायचा हक्क मिळत नाही हे आधीच डोक्यात ठेवा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन कुठल्या योजना, कुठली मदत, कुठले फॉर्म ते विचारून येणं, रांगेत उभं राहणं, झेरॉक्स काढणं, हे काम पैशाइतकंच मोलाचं.

१०. रक्त

प्लेटलेट खूप लागतात, आणि त्या साठवून ठेवता येतात जेमतेम ५ ते ७ दिवस, लाल पेशींसारख्या महिनाभर टिकत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी वीस जणांनी जाऊन रक्त देण्यापेक्षा यादी करा, रक्तगट आणि फोन लिहा, ब्लड बँकेला विचारून पाळीपाळीने जा. आदल्या रात्री नीट झोपून, निघायच्या आधी खाऊन जायचं, कुठली औषधं चालू आहेत ते खरं सांगायचं. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी थेट त्या मुलासाठी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, पुढे ट्रान्सप्लांट लागण्याची शक्यता असेल तर घरच्यांचं रक्त टाळतात. मामा-काका नाराज होतात यावर, पण त्यांनी दुसऱ्या कुणासाठी द्यावं, कुणाच्या तरी पोराला मिळेलच की.

११. सल्ले, काढे, टॉनिक

नको. खरंच नको. कुणीतरी आणलेलं 'ताकदीचं टॉनिक' साधं वाटतं, पण त्यात फॉलिक अ‍ॅसिड असेल तर ते मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या कामात आडवं येऊ शकतं. काही जडीबुटी लिव्हरवर ताण देतात, काही केमोचा असर कमीजास्त करतात. घरातल्या मोठ्या माणसाने प्रेमाने आणलं असेल तर आईला नाही म्हणता येत नाही, तिथे तुम्ही मधे पडा: 'डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही द्यायचं नाही असं लिहून दिलंय.' दोष डॉक्टरवर ढकला, त्यांना चालतं.

गोळ्या तुम्ही देणार असाल तर फक्त लिहिलेल्या तक्त्याप्रमाणे, दिल्यावर खूण. मेंटेनन्समध्ये मर्कॅप्टोप्युरिन रोज असते आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं. उलटी झाली म्हणून डोस पुन्हा द्यायचा की नाही तेही फोन करूनच.

१२. आईबाबा

बाबांना सगळे 'आई कशी आहे?' विचारतात. एकदा त्यालाच विचारा, आणि उत्तर 'ठीक' आलं तरी दहा मिनिटं तिथेच बसा. दोघांना मिळून तासभर बाहेर पाठवा, एकट्या आईला तीन तास झोपायला द्या, त्या वेळात वॉर्डात तुम्ही बसा. पहिल्यांदा ती जाणार नाही, मुलाला तुमची सवय व्हायला आधी दोन-तीनदा तिच्यासोबतच बसावं लागेल. रडली तर रडू द्या, विनोद केला तर हसा, वॉर्डात भयंकर विनोद चालतात आणि ते चालावेत. आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, 'मीच नसते तर बरं' असं बोलणं, हे दिसलं तर युनिटच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला लगेच सांगा, तुम्ही एकट्याने सांभाळायची ती गोष्ट नाही.

उपचार लागू पडत नाहीत असं कळलं तर बरेच लोक गायब होतात. तुम्ही होऊ नका. मुलाचं दुखणं कमी करणारी पॅलिएटिव्ह टीम असते, ती लवकर बोलावणं म्हणजे हार मानणं नाही, ट्रीटमेंट चालू असतानाही ती मदत करते. कामांचा तक्ता तसाच चालू ठेवायचा, उलट तेव्हा तो जास्त लागतो, आणि नंतरही, मुलाचं नाव घ्यायला कचरायचं नाही.

१३. ट्रीटमेंट संपल्यावर

केक कापतात, फोटो येतात, आणि मग सगळे आपापल्या घरी. त्याच आठवड्यात बऱ्याच आया कोसळतात. इतके दिवस औषध चालू होतं म्हणजे काहीतरी करत होतो, आता नुसतं बघायचं. फॉलोअपच्या आधीचे दोन-तीन दिवस घर कसं असतं ते विचारू नका, साध्या पायदुखीने छातीत धस्स होतं. त्या तारखा तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी सोबत जा.

मुलाला शाळेत परत जायचं तर आधी वर्गशिक्षकांशी बोलणं, अर्धा दिवस, जिन्याऐवजी तळमजल्यावरचा वर्ग मिळतो का, टोपी घालू देतील का, ही धावपळ तुम्ही करू शकता. दमणूक अजून बरेच महिने राहते. राहिलेल्या आणि पुन्हा घ्यायच्या लसी सहसा काही महिन्यांनी सुरू होतात, टीमच्या सांगण्याप्रमाणे. आणि पोर्ट काढेपर्यंत तापाचा नियम तोच. केस आले, गाल उतरले, पोर धावायला लागलं म्हणून फ्रिजवरचा तो कागद एवढ्यात काढू नका, युनिटने 'आता चालेल' म्हटल्यावरच काढा.